घाट उतरायच्या आधी

ब्रेकचा पॅड केवढा असतो? तळहातात मावतो. पाठीला लोखंडी पट्टी आणि तिच्यावर चिकटवलेला काळपट, खरखरीत थर. नवा असताना हा थर साधारण १० मिलिमीटर जाडीचा असतो आणि ३ मिलिमीटरवर आला की पॅड बदलायचा. म्हणजे हाताशी उरतात ते सात मिलिमीटर. या सात मिलिमीटरच्या भरवशावर आमच्या घरची माणसं कणकुंबीच्या माउलीला जातात, चंदगडला मावशीकडे जातात, गणपतीला आंबोली उतरून सावंतवाडी गाठतात. मागच्या सीटवर डोळे मिटून बसलेल्या आईला ते ठाऊक नाहीत आणि तिने ते ठाऊक करून घ्यावेत अशी माझी अपेक्षाही नाही. पण घरातल्या कुणा एकाने तरी ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असावेत, असं माझं ठाम मत आहे. गाडी कोण चालवतं हा प्रश्न वेगळा. गाडी थांबणार आहे का, हे घरात कुणालातरी माहीत असायला हवं.

आमची गाडी जुनी वॅगन आर, केए-२२ म्हणजे बेळगाव पासिंगची. पुढे डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी तबकडी जिला पॅड दोन्हीकडून धरतात, आणि मागे ड्रम, आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांना असतात तसेच. यंदा श्रावणात ती आवाज करायला लागली. पावसाळ्यात रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर तांबूस गंज चढतोच. सकाळी पहिले दोन-तीन ब्रेक लागेपर्यंत खरखर होते आणि गंज पुसला की थांबते. त्याची काळजी करायचं कारण नाही. हा आवाज तसा नव्हता. बारीक, उंच, सलग. ब्रेकवर पाय नसतानाही यायचा आणि पाय ठेवला की कधीकधी बंद व्हायचा. जांबोटीच्या रस्त्याला खिडक्या उघड्या असल्या की झाडीवरून उलटून स्पष्ट ऐकू यायचा.

हा आवाज मुद्दाम ठेवलेला असतो. पॅडच्या पट्टीला स्टीलची एक लहानशी जीभ असते. थर पुरेसा झिजला की ती फिरत्या डिस्कला टेकते आणि किंचाळू लागते. गाडी बनवणाऱ्याने चालवणाऱ्यासाठी पाठवलेला हा निरोप आहे आणि तो वेळेत पोचतो. त्याच्यानंतरचा आवाज मात्र ऐकायची वेळ येऊ देऊ नये. लोखंडावर लोखंड घासल्याची ती जाड घरघर ऐकू आली की थर संपला आणि पट्टी थेट डिस्क कापते आहे असं समजायचं. त्या अवस्थेत गाडी घाटात तर नकोच, बाजारातसुद्धा नेऊ नये.

गणपती तोंडावर आले की आमच्याकडच्या गॅरेजांत पाय ठेवायला जागा नसते. निम्म्या बेळगावला कोकणात नाहीतर गोव्यात उतरायचं असतं आणि प्रत्येकाला आपली गाडी आधी हवी असते. आमच्या मेस्त्रींचा हात चांगला आहे, पण ते तरी किती गाड्यांना पुरणार? आप्पांनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि म्हणाले, "मेस्त्रीकडं लाईन लागलीया. आपणच करूया की. नट काढायचं, बघायचं, मापायचं. त्यात भ्यायचं काय?"

आप्पा उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपमध्ये टर्नर होते. लेथपुढे उभं राहण्यात त्यांचं आयुष्य गेलं. त्यांच्या तोंडी 'मापायचं' हा शब्द आला की तो नुसता बोलण्याच्या भरात आलेला नसतो.

जुन्या पी. बी. रोडवरून पॅड आणले. ब्रेकच्या बाबतीत स्वस्त शोधत फिरू नये. खोक्यावर नामांकित नाव आणि आत भलताच माल, असा प्रकार सुट्या भागांच्या बाजारात भरपूर चालतो. म्हणून ओळखीचं दुकान, पक्कं बिल, आणि गाडीचं मॉडेल-साल सांगून जुळवून घेतलेला संच. पॅड बदलायचे ते पुढच्या दोन्ही चाकांचे एकदमच. एका बाजूला नवे आणि दुसऱ्या बाजूला झिजलेले राहिले तर ब्रेक मारल्यावर गाडी एका अंगाला ओढू शकते.

काम अंगणात, फरशीवर केलं. ओल्या मातीवर जॅक लावू नये, वजन आलं की तो रुततो. गाडी पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेक वर, आणि मागच्या चाकांना पुढून-मागून जांभ्याचे चिरे. चिरा चाकाला अटकाव म्हणून उत्तम. पण गाडीचं वजन पेलायला खाली चिरा किंवा वीट कधीही लावू नये. भाराखाली ती अचानक फुटते. त्यासाठी लोखंडी स्टँडच हवा. आप्पांच्या जुन्या सोबत्याकडून तो मागून आणला. गाडीबरोबर मिळणारा जॅक चाक बदलण्यापुरता असतो, त्याच्या एकट्याच्या जिवावर गाडीखाली हात घालायचा नाही. काढलेलं चाकसुद्धा आम्ही गाडीच्या कडेखाली आडवं सरकवून ठेवलं. काही घसरलंच तर गाडी चाकावर येईल, हातावर येणार नाही. या तयारीला खऱ्या कामाइतकाच वेळ लागला आणि तो लागायलाच हवा होता.

नट सैल करायचे ते चाक जमिनीवर असतानाच. आमच्या गाडीला १९ नंबरचा पाना लागतो. नट नुसते हलवून घेतले, मग गाडी उचलली, स्टँड लावला, चाक बाहेर काढलं. भाचीने लगेच मोबाइलवर फोटो काढून ठेवले: कुठली क्लिप कुठे, कुठल्या पॅडची जीभ कुठल्या दिशेला. एका वेळी एकच बाजू उघडायची, हे आप्पांनी तिला बजावून सांगितलं. दुसरी बाजू न उघडलेली असली की शंका आल्यावर बघायला नमुना समोरच असतो.

चाक निघालं की आत सगळीकडे काळी, बारीक धूळ असते. ती तोंडाने फुंकायची नाही आणि हवेच्या पाइपने तर मुळीच उडवायची नाही. पूर्वी ब्रेकच्या थरात ॲस्बेस्टॉस सर्रास असायचं, आणि त्याचे तंतू फुप्फुसात शिरले की तिथून निघत नाहीत. आता चांगल्या कंपन्यांचे पॅड ॲस्बेस्टॉसशिवाय बनतात, पण त्या धुळीत धातूचा कीस असतोच. तोंडाला फडकं बांधलं आणि ओल्या चिंधीने पुसून घेतलं.

कॅलिपर म्हणजे पॅड डिस्कवर दाबून धरणारा चिमटा. त्याचा खालचा बोल्ट काढला की तो वरच्या पिनवर उचलला जातो आणि दोन्ही पॅड मोकळे होतात. उजवीकडचे दोन्ही सारखे झिजलेले निघाले. डावीकडचे मात्र सारखे नव्हते. बाहेरच्या पॅडवर बऱ्यापैकी थर होता आणि आतला जवळजवळ पट्टीला आलेला. आवाज तोच करत होता. असे असमान झिजलेले दोन पॅड शेजारीशेजारी ठेवून बघणं ही या कामातली सगळ्यात मोलाची गोष्ट आहे, असं मी म्हणेन. नवे पॅड बसवणं त्याच्यापुढे काहीच नाही.

कारण असं. आमच्यासारख्या गाडीच्या कॅलिपरला पिस्टन एकच असतो, तोही आतल्या बाजूला. पेडल दाबलं की तो आतला पॅड डिस्कवर रेटतो. त्या रेट्याची प्रतिक्रिया म्हणून अख्खा कॅलिपर दोन पिनांवर आत सरकतो आणि बाहेरचा पॅड दुसऱ्या अंगाने डिस्कला चिकटतो. दोन्हीकडून सारखी पकड यायची तर त्या पिना सहज सरकायला हव्यात. डाव्या बाजूची खालची पिन अडकली होती. तिच्या रबरी टोपीला बारीक चीर गेली होती, पावसाचं गढूळ पाणी आत झिरपलं होतं आणि ग्रीसची चिवट लुगदी झाली होती. त्यामुळे आतला पॅड एकटाच राबत होता. नुसते पॅड बदलून चाक लावून टाकलं असतं तर नवा आतला पॅडसुद्धा त्याच गतीने गेला असता, आणि "हल्लीच्या पॅडमध्ये दमच नाही" असं म्हणून आम्ही पुन्हा नवे आणले असते.

पिन पुसली, पॉलिश पेपरने हलकी घासली, टोपी नवी आणली. पिनेला ग्रीस लावायचं ते ब्रेकसाठी मिळणारं सिलिकॉनचं. साधं बेअरिंगचं ग्रीस इथे चालत नाही, खनिज तेलाने रबर फुगतं आणि पिन पुन्हा धरते. नंतर पिन दोन बोटांनी आत-बाहेर करून बघितली. लोण्यातून सरकावी तशी सरकली. भाचीलाही करायला लावलं. एकदा बोटांना ती चाल कळली की अडकलेली पिन पुढच्या वेळी तिची तिलाच ओळखता येईल.

आता डिस्क. आप्पा इतका वेळ खुर्चीत बसून सांगत होते. डिस्कची वेळ आली तसे उठले आणि आतून लाकडी पेटी घेऊन आले. त्यात त्यांचा मायक्रोमीटर. त्यांनी आधी हात धुतले, कोरडे केले. मायक्रोमीटरच्या दोन तोंडांमध्ये कागदाचा तुकडा हलका धरून ओढला, म्हणजे तोंडं साफ. मग शून्य तपासलं. मग डिस्कवर धरून मागचा खटका फिरवला. टिक, टिक, टिक. तीन टिका झाल्या की थांबायचं, त्याहून जोर लावायचा नाही. असं डिस्कभोवती जागा बदलत मापलं आणि प्रत्येक आकडा मला लिहायला सांगितला. डिस्क किमान किती जाड असावी हे बहुतेक डिस्कवरच कोरलेलं असतं. गंज पुसून शोधावं लागतं, इतकंच. आमची त्याच्या बरीच वर होती आणि सगळीकडे जवळपास सारखी.

मायक्रोमीटर घरोघरी नसतो, हे मान्य. व्हर्नियरनेही भागतं, पण एक मेख आहे. डिस्कच्या अगदी काठाला पॅड पोचत नाही, त्यामुळे तिथे झीज होत नाही आणि एक उंच कडा शिल्लक राहते. व्हर्नियरचे जबडे त्या कडेवर टेकतात आणि झिजलेली डिस्क जाड दाखवतात. यावर आप्पांनी सांगितलेली युक्ती साधी आहे. डिस्कच्या दोन्ही बाजूंना, कडेच्या आत, एकेक नाणं धरायचं, नाण्यांवरून माप घ्यायचं आणि दोन नाण्यांची जाडी वजा करायची.

मापून झाल्यावर त्यांनी हातोडीच्या दांड्याने डिस्कवर हलकेच टकटक केलं. आवाज बद्द आला, घुमला नाही. "बीड हाय," म्हणाले, म्हणजे ओतीव लोखंड, आणि पुढे बराच वेळ बिडाबद्दलच बोलत राहिले. मीही ऐकत राहिले.

डिस्क स्टीलची का नसते? स्टील जास्त मजबूत, मग बीड कशाला? बिडात कार्बन तीन-साडेतीन टक्के असतो आणि थंड होताना त्यातला बराचसा ग्राफाइटच्या पातळ पापुद्र्यांच्या रूपात धातूभर पसरून बसतो. हे पापुद्रे दोन कामं करतात. घर्षणाने तापलेल्या जागेवरची उष्णता चटकन दूर नेतात, आणि कंपन जिरवून टाकतात. स्टीलवर ठोका मारला तर ते वाजत राहतं. बीड वाजत नाही म्हणून ब्रेक मारल्यावर गाडीही कमी वाजते. याच ग्राफाइटमुळे लेथवर बिडाची वेटोळी निघत नाही, काळा भुगा पडतो. लहानपणी आप्पा संध्याकाळी घरी यायचे तेव्हा त्यांच्या नखांत, कानांमागे, शर्टाच्या शिवणीत हा काळा भुगा असायचा. आई शर्ट वेगळा भिजवायची. उद्यमबागेत त्या वेळी जिकडेतिकडे वाळूचे साचे, भट्ट्या आणि ओतकाम. बेळगावची फाउंड्री आजही वाहनांची, पंपांची, मशिनांची ओतकामं देशभर पाठवते. आपल्या गाडीच्या पोटात आपल्या गावचं बीड असेल-नसेल, पण ते ज्या हातांनी घडतं ते हात मी रोज पाहिले आहेत. ब्रेकवर पाय ठेवताना मला त्या हातांची आठवण येते आणि पाय जरा जपून पडतो.

इतक्यात आई चहा घेऊन आली. फरशीवर मांडलेल्या तुकड्यांकडे बघून म्हणाली, "हे सगळं परत तसंच बसतंय न्हवं?" बसतं म्हणून सांगितलं तेव्हा कप ठेवून गेली.

नवे पॅड जाड असल्यामुळे बाहेर आलेला पिस्टन आत दाबावा लागतो. जुना पॅड त्याच्या तोंडावर धरून सी-क्लॅम्पने हळूहळू दाबला. कॅलिपर या सगळ्या वेळात तारेच्या आकड्याने वर अडकवलेला होता, रबरी नळीवर लोंबकळत नव्हता. वजनाने ती नळी आतून तुटू शकते आणि बाहेरून काही दिसत नाही. पिस्टन आत जाताना बॉनेटखालच्या डबीत ब्रेक ऑइल वर चढतं, म्हणून तिथे एक माणूस लक्ष ठेवायला हवा. पॅड झिजत गेले की पिस्टन बाहेर येतो आणि डबीतली पातळी खाली जाते. मध्येच कुणी ती भरून ठेवली असेल तर आता ऑइल उतू जातं. रंगावर सांडलं तर रंग उठतो, लगेच पाण्याने धुवायचं.

पिस्टनभोवतीच्या रबरी रिंगबद्दल मला मनापासून आदर आहे. पिस्टन बाहेर सरकतो तेव्हा ती किंचित पिळली जाते, आणि पाय काढल्यावर सरळ होताना पिस्टनला केसभर मागे ओढते. तेवढ्याने पॅड डिस्कपासून सुटतो. आणि पॅड झिजला की पिस्टन रिंगमधून तेवढाच पुढे घसरून नवी जागा धरतो. डिस्क ब्रेकला वरचेवर ॲडजस्ट करावं लागत नाही ते या एका रिंगमुळे. ती कधी कुणाच्या नजरेला पडत नाही.

शेजारचे काका कंपाउंडच्या भिंतीवर कोपर टेकून बघत होते. वायव्य कर्नाटक परिवहनमधून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. पणजीची गाडी त्यांनी चोर्ला घाटावरून कित्येक वर्षं नेली. क्लॅम्प फिरवताना ते कानडीत "निधान, तंगी, निधान" (हळू, बाई, हळू) म्हणत होते आणि पिस्टन बसल्यावर त्यांनी मुद्द्याची गोष्ट काढली. "पॅड घातलीस, चांगलं केलीस. पण घाटात ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही. ज्या गिअरात चढतोय, त्याच गिअरात उतरायचं."

हा नियम सगळेच सांगतात. त्यामागे केवढा आकडा दडलाय ते मी रात्री कागदावर मांडून पाहिलं. माणसं-सामान धरून गाडी ११०० किलोची समजू. ताशी ६० किलोमीटरवरून ती पूर्ण थांबवली तर ब्रेकला जी ऊर्जा उष्णता करून जिरवावी लागते, तिच्यात अर्धा लिटर पाण्याला उकळी येईल. एका थांबण्यात! आता चोर्ला. माथ्यापासून साखळीच्या बाजूला पायथ्यापर्यंत साधारण ७०० मीटर खाली उतरायचं. त्या उताराची ऊर्जा सुमारे पंचवीस लिटर पाणी उकळवण्याइतकी भरते. त्यातली काही टायर आणि हवेच्या घर्षणात जाते. दुसऱ्या गिअरमध्ये असाल तर बरीच इंजिन खातं. पण गिअर काढून, न्यूट्रलमध्ये, पेट्रोल वाचवायला म्हणून कुणी गाडी सोडली तर बाकीची बहुतेक त्या तळहाताएवढ्या पॅडांवर आणि बिडाच्या दोन तबकड्यांवर येते. काही लोक अजूनही तसं करतात. माझी त्यांना हात जोडून विनंती आहे, करू नका.

पॅड फार तापले की थरातली राळ वायू सोडते, पकड कमी होते. ब्रेक ऑइलचं दुखणं याहून वाईट. ते हवेतली ओल शोषतं. डॉट ३ प्रतीचं नवं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत तग धरतं, पण ओल शोषलेल्यासाठी ती हमी १४० अंशांवर येते. ऑइल उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडा दबतो, आणि पेडल सरळ तळाला जातं. चार महिने कणकुंबी-आंबोलीच्या पावसात वावरणाऱ्या गाडीला हे लक्षात ठेवायला हवं. दोन वर्षांनी ऑइल बदलणं ही उधळपट्टी नाही.

या सगळ्या थरांचा इतिहास काढला तर एका बाईपाशी जाऊन थांबतो, आणि ही गोष्ट भाचीला सांगताना मला फार बरं वाटलं. ऑगस्ट १८८८ मध्ये जर्मनीत बर्था बेन्झ नवऱ्याने बनवलेली तीनचाकी मोटार घेऊन, त्याला न सांगता, दोन मुलांसह मानहाइमहून फोर्त्सहाइमला आपल्या आईकडे निघाली. शंभरेक किलोमीटरची वाट. उतारांवर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजायला लागले तेव्हा वाटेतल्या गावात तिने चांभाराकडून त्यांच्यावर चामडं ठोकून घेतलं. ब्रेकवर झिजणारा, बदलता येणारा थर असावा ही कल्पना तिथे रस्त्यावर, गरजेतून आली. आमच्या अथणी-निपाणीकडे पिढ्यान्‌पिढ्या कोल्हापुरी चपला शिवणाऱ्या कारागिरांपुढे तिने ते ठोकळे ठेवले असते तर त्यांनीही हेच करून दिलं असतं, याबद्दल मला शंका नाही.

चाकं बसवली. नट आधी हाताने आटे जुळवून, मग समोरासमोरचे आळीपाळीने, आणि शेवटचं आवळणं गाडी खाली आल्यावर. त्यानंतर जे विसरायचं नाही ते हे: गाडी सुरू करून हलवण्याआधी ब्रेक पेडल पुन्हापुन्हा दाबायचं. पिस्टन मागे गेलेला असतो, पहिल्या दाबाला पेडल पोकळ लागतं. ते घट्ट झाल्याशिवाय फाटकाबाहेर जायचं नाही. मग डबीतली पातळी बघायची. नंतर हिंडलग्याच्या पुढे, रस्ता मोकळा बघून, चाळीस-पन्नासच्या वेगावरून गाडी हलक्या ब्रेकने सावकाश कमी करत आणली, मध्ये निवू दिली, पुन्हा तेच. नवा पॅड आणि जुनी डिस्क एकमेकांना घासून बसायला थोडे किलोमीटर जावे लागतात. तोवर कचकन ब्रेक मारायचा नाही आणि दुसऱ्याच दिवशी घाट काढायचा नाही.

सगळंच घरी करावं असं मी म्हणत नाही. पिस्टनभोवती ओल दिसली, नळीला चिरा दिसल्या, डिस्क किमान मापाखाली गेली, पेडल घट्टच होईना, तर तिथे हात थांबवायचा आणि मेस्त्रींची वाट बघायची, रांग कितीही असो. पण चाक उघडून बघणं, थराची जाडी मोजणं, पिन सरकते का ते तपासणं, एवढं तर कुठल्याही घरात होऊ शकतं. आमच्या रस्त्यांना त्याची गरज आहे. गाळपाचा हंगाम सुरू झाला की चिकोडी, संकेश्वर, निपाणीकडे अंधारात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. तवंदी घाटाच्या उतारावर अपघाताची बातमी नसलेलं वर्ष आठवत नाही. आणि खंडेनवमीला चौकाचौकांत फोडलेले कोहळे. पूजा मीही मनोभावे करते, पण तो गर रस्त्याकडेला सारावा, टायर त्याच्यावरून घसरतात.

गणपतीला आंबोली उतरलो. धबधब्यापाशी नेहमीसारखी गाड्यांची दाटी, पुढची कधी थांबेल नेम नाही. दुसरा गिअर, लागेल तेवढाच ब्रेक. दाणोलीला चहाला थांबलो तेव्हा काकांनी शिकवलेलं करून पाहिलं: चाकाला हात न लावता, नुसता रिमजवळ धरून, डावी-उजवी ऊब ताडून बघायची. एक बाजू जास्त तापली असेल तर तिथे काहीतरी धरतंय. दोन्ही सारखी होती. आप्पांचा फोन आला तोही त्याच्याचसाठी. परत आल्यावर नट पुन्हा आवळून घेतले. आता मागच्या ड्रमचे लायनर, म्हणजे आतले झिजणारे थर, राहिलेत. हँडब्रेक दोन-तीन खटके जास्त वर यायला लागलाय, तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत ड्रम उघडायचे आहेत. पाना या वेळी भाची धरणार आहे, स्टँडसाठी आप्पांच्या सोबत्याला आताच सांगून ठेवलंय.